अतिमानवांचा अनुशेष

कॅनडाच्या टपाल खात्याने 1995 साली पाच तिकिटांचा एक संच काढला. तिकिटावर बसण्याचा मान सहसा ज्यांना मिळतो ते राजे, राण्या, पंतप्रधान, पूल, धरणं आणि दुर्मीळ पक्षी या संचात कुठेच नव्हते. होते ते कॉमिक्समधले पाच अतिमानव: सुपरमॅन, नेल्वाना, जॉनी कॅनक, कॅप्टन कॅनक आणि फ्लर द ली. प्रत्येकाची किंमत सारखीच, 45 सेंट. यांतल्या चौघांची नावं मी आयुष्यात ऐकलेली नव्हती आणि ज्याचं ऐकलं होतं तो सुपरमॅन तिथे काय करत होता ते कळेना. तो तर अमेरिकेचा, अगदी घरजावई म्हणावा इतका अमेरिकेचा. शोध घेतल्यावर समजलं की त्याला पहिल्यांदा कागदावर उतरवणारा चित्रकार जो शुस्टर 1914 साली टोरांटोत जन्मला आणि लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत क्लीव्हलंडला गेला. सुपरमॅन चष्मा लावून ज्या वर्तमानपत्रात नोकरी करतो त्याचं नाव सुरुवातीच्या गोष्टींत ‘डेली स्टार’ होतं आणि ते सुचलं टोरांटोच्या ‘स्टार’वरून. बस, एवढ्या भांडवलावर कॅनडाने त्याला मांडीवर घेतलं.

मला हे अतिशय ओळखीचं वाटलं. वर्धा जिल्ह्यात एखाद्याचं नाव पेपरात आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर त्याची सख्खी मावशी आर्वीला दिलेली निघते. मावशी नसेल तर त्याचे वडील दोन वर्षं हिंगणघाटच्या मिलमध्ये होते, असं कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. तेही नसेल तर त्याने कधीतरी वर्धा स्टेशनवर गाडी बदललेली असतेच. देशाच्या मध्यभागी असण्याचा हा फायदा आहे. सगळ्यांनाच कधी ना कधी आमच्यावरून जावं लागतं आणि जाणाऱ्याला आपला म्हणायला पैसे पडत नाहीत.

कॅनडाचं दुखणं असं की त्याचा शेजारी फार मोठा आणि फार बोलका. अशा शेजाऱ्याला लागून राहिलं की घरातल्या पोरांना घरच्या गोष्टी येत नाहीत, भिंतीपलीकडच्या मात्र तोंडपाठ असतात. डिसेंबर 1940मध्ये, युद्धासाठी डॉलर वाचवायचे म्हणून, कॅनडा सरकारने बिनगरजेच्या मालाची अमेरिकेतून होणारी आयात बंद केली. त्या मालाच्या यादीत कॉमिक्सही होती. ज्याला बंदुकीची गोळी अडवू शकत नाही आणि ज्याच्यापुढे आगगाडीचं इंजिन नांगी टाकतं, त्याला एका जकात कारकुनाने हद्दीवर अडवलं. अतिमानवांच्या इतिहासात याहून देखणा पराभव मला आढळलेला नाही.

त्याच्या दोनच महिने आधी, 17 ऑक्टोबर 1940 रोजी, आमच्या पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि ते वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही ठरले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी मला त्या शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतात, कारण कॅनडात त्यानंतर जे झालं त्याला स्वदेशीवाचून दुसरा शब्द मला सुचत नाही. परदेशी माल बंद झाला आणि टोरांटोतल्या लहानसहान छापखान्यांनी घरचे वीर घडवायला घेतले. मुखपृष्ठ तेवढं रंगीत, आतली पानं काळी-पांढरी. संग्राहक आज त्यांना ‘कॅनेडियन व्हाइट्स’ म्हणतात. खादीसारखाच तो प्रकार होता: रंग बेताचा, पोत भरड आणि हातात घेणाऱ्याला जरा ताठ बसायला लावणारा.

नेल्वाना त्या भरडपणातून ऑगस्ट 1941मध्ये जन्मली, वंडर वुमनच्याही काही महिने आधी. फ्रान्झ जॉन्स्टन नावाचा एक नावाजलेला निसर्गचित्रकार उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात राहून आला होता. तिथल्या इनुइट लोकांच्या गोष्टी त्याने एड्रियन डिंगल या चित्रकाराला सांगितल्या आणि डिंगलने त्यांतून एक देवकन्या उभी केली. उत्तरेच्या आकाशात हिरवे-जांभळे प्रकाशझोत नाचतात, त्यांचा राजा तिचा बाप. ती त्या झोतांवर बसून प्रकाशाच्या वेगाने जाते, वाटेल तेव्हा अदृश्य होते. हे सगळं मान्य. पण डिंगलने तिला आखूड झगा घातला! खाली उघडे पाय आणि भोवती मैलोन् मैल बर्फ. ज्यांच्या गोष्टींतून ती आली त्या बायका डोक्यापासून पायापर्यंत फरात गुंडाळलेल्या असतात. त्यांच्यापैकी एखादीला ही वाटेत भेटली असती, तर तिने नमस्काराच्याही आधी हिच्या अंगावर कातडी कोट टाकला असता आणि ‘कोणाची गं पोर तू?’ असं विचारलं असतं. प्रदेशाचं प्रतिनिधित्व करायला निघालेल्या माणसाला त्या प्रदेशाची हवा बाधत नाही, ही कॉमिक्सवाल्यांची जुनी समजूत आहे. आपल्याकडच्या निवडणुकीच्या फलकांवरही ती दिसते.

जॉनी कॅनक मला तिच्याहून जवळचा. त्याला घडवणारा लिओ बाखल हा स्वतःच मिसरूड फुटायच्या वयातला पोरगा होता. 1942च्या आरंभी त्याने जॉनी काढला तेव्हा त्याला एकही अद्भुत शक्ती दिली नाही. जॉनी विमान चालवतो, ठोसे देतो, ठोसे खातो आणि हिटलरलाही भिडून येतो, पण उडत मात्र नाही. यात मला एक मध्यमवर्गीय संकोच दिसतो. उडणं म्हणजे जरा अतीच झालं, लोक काय म्हणतील! युद्ध संपलं, निर्बंध उठले, अमेरिकेची रंगीत कॉमिक्स पुन्हा दुकानांत लटकू लागली आणि या काळ्या-पांढऱ्या मंडळींचा संसार थोड्याच दिवसांत आटोपला. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. रंगाचं आकर्षण मोठ्यांनाही सुटलेलं नाही.

पुढे 1975 साली विनिपेगमधून रिचर्ड कोमेली याने कॅप्टन कॅनक आणला. गोष्ट घडते 1993मध्ये, म्हणजे तेव्हाच्या भविष्यकाळात, आणि त्या भविष्यात कॅनडा जगातली महासत्ता झालेला असतो. (1993 आलं आणि गेलं, कॅनडाने फारसं मनाला लावून घेतलं नसावं.) नायकाच्या कपाळावर लाल मेपलचं पान आणि नोकरी सरकारी सुरक्षा संघटनेत. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकन मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये बसून वुल्व्हरिन हा पंज्यांचा कॅनेडियन वीर घडवला होता. त्यालाही कॅनडा सरकारनेच कामगिरीवर पाठवलेलं होतं. 1979मध्ये ‘अल्फा फ्लाइट’ हे अख्खं पथक अवतरलं, तेही एका सरकारी विभागाच्या आस्थापनेवर. अमेरिकेतला अतिमानव खाजगी धंदा करतो. बॅटमॅन घरचा पैसा उडवतो, स्पायडरमॅन स्वतःचेच फोटो पेपरला विकून पोट भरतो. कॅनडाचा अतिमानव मात्र पगारी. मला हे फार सुसंस्कृत वाटतं. मी त्याची सेवापुस्तिका डोळ्यांपुढे आणतो: नियुक्तीचा दिनांक, ओळखीची खूण (‘दोन्ही हातांतून पोलादी पंजे निघतात’), शिल्लक अर्जित रजा. उडून केलेल्या प्रवासाचा भत्ता कोणत्या दराने द्यावा, यावर लेखा शाखेने काढलेली हरकत आणि त्या हरकतीवर तीन वर्षं फिरत असलेली फाइल.

‘अल्फा फ्लाइट’ची नेमणूक तर थेट प्रदेशवार झालेली. पथकाचा कर्ता जॉन बर्न इंग्लंडात जन्मला, पण कॅनडात वाढला होता. त्यामुळे कोणाला वगळलं तर कोण रुसेल हे त्याला माहीत असणार. फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकची जुळी भावंडं, सास्काटूनचा एक बुटका पहिलवान, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची एक जलकन्या, कॅलगरीचा मूलनिवासी डॉक्टर, तो मंत्रही जाणणारा. मंत्रिमंडळाचा विस्तार करताना मुख्यमंत्र्यांच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्याच आठ्या घालून ही यादी केलेली असावी.

यादी वाचताना विदर्भाच्या माणसाला नागपूर करार आठवला नाही तरच नवल. 28 सप्टेंबर 1953. सगळ्या विभागांना नोकऱ्यांत, शिक्षणात, खर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, अशी त्यातली भाषा. त्या वाट्याचं काय झालं हे मोजायला पुढे दांडेकर समिती बसली. 1984 साली तिचा अहवाल आला आणि अनुशेष हा शब्द आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही येऊ लागला. रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, विजेच्या पंपांचा अनुशेष. पण कल्पित वीरांचा अनुशेष कोणी मोजलाच नाही. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला तो पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. काटकुळा, सायकलवर स्वार, जिभेने ‘ट्टॉक’ करणारा; अंगात शक्ती म्हणावी तर कसलीच नाही, तेव्हा जॉनी कॅनकचा मावसभाऊच. त्याच्यावर माझं निरतिशय प्रेम आहे. तरीही करारातल्या तत्त्वाप्रमाणे एखादा पोरगा समुद्रपूरकडचा, एखादा कारंज्याचा निघायला हवा होता, ही टोचणी राहतेच.

यावर कोणीही म्हणेल, वर्ध्याला आणखी कसला वीर हवा? सेवाग्राम आहे ना. आहे, आणि तिथेच खरी अडचण आहे. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले ते मूळचे पोरबंदरचे. विनोबा कोकणातल्या गागोद्याचे. या दोघांना इथे आणण्यात ज्यांचा हात होता ते जमनालाल बजाज राजस्थानातल्या सीकरकडचे. आणि जे अस्सल आमचे, 1914 साली हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे, त्यांनी आनंदवन उभं केलं ते शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला. म्हणजे टोरांटोत जन्मलेला चित्रकार सुपरमॅन अमेरिकेला देऊन बसतो आणि न्यूयॉर्कात बनलेला वुल्व्हरिन कॅनडाच्या नावावर चढतो, तोच हा आयात-निर्यातीचा व्यवहार. आमचं नाव देशाच्या इतिहासात जागोजागी छापलेलं आहे. वर्धा शिक्षण योजना वर्ध्याची, राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्याची, जुलै 1942मधला ‘चले जाव’चा ठरावही वर्ध्याचाच. पण या सगळ्यांत वर्धा म्हणजे पाहुण्यांसाठी टाकलेली सतरंजी. सतरंजीला मान असतो, पण फोटोत ती अर्धीच येते.

बापू कुटीत गेलं की मला दोन वस्तूंपाशी हमखास थांबायला होतं. एक टेलिफोनची पेटी. व्हाइसरॉयला वाटेल तेव्हा या मातीच्या झोपडीशी बोलता यावं म्हणून बसवून दिलेली. गोथम शहराच्या पोलीस आयुक्ताकडे बॅटमॅनसाठी लाल फोन असतो, त्याच्या कितीतरी आधीची. फरक एवढाच, की इथे फोन उचलणाऱ्याला गुप्त गुहा नव्हती. झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च करायचा नाही आणि सामान आसपासचंच वापरायचं, अशी त्याची अट. दुसरी वस्तू म्हणजे साप धरायचा लाकडी चिमटा आणि शेजारचा पिंजरा. साप मारायचा नाही. चिमट्यात हलकेच धरायचा, पिंजऱ्यात ठेवायचा, लांब रानात नेऊन सोडायचा. चिमट्याची टोकं नीट पाहिली तर लक्षात येतं, की ती सापाला इजा होऊ नये याच काळजीने बेतलेली आहेत. कॉमिक्समधला खलनायकही कधी मरत नाही. त्याला पकडतात, कोठडीत टाकतात आणि पुढच्या अंकात तो ताजातवाना होऊन हजर. सेवाग्रामचा साप रानात सोडल्यावर काय करत असेल? संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत परतत असणार, अशी माझी खात्री आहे. त्या चिमट्याला हा हिशेब मंजूर होता.

या झोपडीतला माणूस कॉमिक्समध्येही गेलेला आहे. 1957 साली अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक छोटं चित्रपुस्तक निघालं. किंमत दहा सेंट. अहिंसेने कसं लढायचं हे त्यात चित्रांतून शिकवलं होतं आणि ते शिकवताना गांधीजींची गोष्टही सांगितली होती. पुढे जॉन लुइससारख्या पुढाऱ्याने त्या पुस्तकाचं ऋण मानलं आणि स्वतःची कहाणीही चित्रांतूनच सांगितली. नुसत्या पंचावर वावरणारा एक म्हातारा त्या चौकटींतून अलाबामापर्यंत गेला, ना केप लावून ना छातीवर चिन्ह लावून. मला याचा अभिमान आहेच. पण शाळेच्या सहलीला बापू कुटीसमोर रांगेत बसवलेलं पोर काय करतं, तर मान वर करून झाडावरची वानरं मोजतं. थोरांच्या अंगणात वाढलेल्या मुलांना खोट्या वीराची भूक जरा जास्तच असते. खऱ्याला हार घालावा लागतो, खोट्याच्या खांद्यावर हात टाकता येतो.

जुन्यात शोधू गेलं तर सेलू तालुक्यातलं केळझर आहे. लोक त्याला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. (असं मानणारी गावं बिहार-बंगालातही आहेत. ती त्यांच्या ठिकाणी सुखी राहोत.) नीट पाहिलं तर ही अगदी घोटीव अतिमानवकथा आहे. नायक वेश पालटून राहतो, दिवसा भिक्षा मागून आणणाऱ्या भावंडांत बसून सामान्य दिसण्याची पराकाष्ठा करतो आणि वेळ आली की गाडाभर अन्न घेऊन एकटा रानात जातो. सुपरमॅनचा चष्मा आणि भीमाचं ब्राह्मणाचं सोंग यांत मला तरी फरक दिसत नाही. उलट भीमाचं सोंग अवघड. घरात आलेल्या भिक्षेतला अर्धा वाटा एकटा खाणारा माणूस लपवायचा म्हणजे कुंतीची काय तारांबळ होत असेल!

आमच्या लहानपणी मात्र भीमाला कॉमिक्समधल्या वेताळाने, म्हणजे ‘फँटम’ने, मागे टाकलं होतं. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, पुढे ती मराठीतही येऊ लागली. वर्धा स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर ती दोरीला चिमट्यांनी लटकलेली असत. मूळ गोष्टींत वेताळाचा देश बंगालची आठवण करून देणाऱ्या नावाचा होता. इथल्या वाचकांची मनं दुखावू नयेत म्हणून संपादकांनी तो हळूच उचलून ‘डेंकाली’त नेऊन ठेवला. 1976 साली आबिद सुरतींनी बहादूर दिला, केशरी कुर्ता आणि जीन घालणारा अस्सल भारतीय वीर. आम्ही दोघांनाही आपलं मानलं. वेताळाची खोपडीची गुहा बोरच्या जंगलात आहे याबद्दल आमच्या आळीत दुमत नव्हतं. वाद होता तो फक्त हिंगणीकडून जायचं की दुसरीकडून, एवढाच.

ती कॉमिक्स आम्ही वाचायचो मे महिन्यात. वर्ध्याचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. पारा 45च्या वर जातो, सकाळी दहानंतर रस्ता माणसांना नकार देतो, कूलरमधला वाळा भिजून-वाळून म्हातारा होतो. ज्यांना बाहेर पडावंच लागतं ते खिशात कांदा ठेवतात आणि डोक्याला-तोंडाला पांढरा दुपट्टा बांधतात. तो बांधायची रीत आहे: एक टोक कानाच्या मागून घ्यायचं, नाकावरून आडवं न्यायचं, मानेशी गाठ मारून उरलेलं कॉलरच्या आत खोचायचं. मग उरतात फक्त डोळे. त्या दोन महिन्यांत अख्ख्या जिल्ह्यात कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. तलाठी, शिक्षिका, दूधवाला, सगळे बुरखाधारी वीर. आमच्याकडे गुप्त ओळख ही ऋतूप्रमाणे येते आणि पहिल्या पावसाबरोबर दोरीवर वाळत पडते.

म्हणूनच ‘अल्फा फ्लाइट’चा सहावा अंक, जानेवारी 1984चा, मला सगळ्या मेपलच्या पानांहून मोठा वाटतो. त्यात बर्फकन्या स्नोबर्ड एका प्राचीन राक्षसाशी हिमवादळात लढते. ती पांढरी, वादळ पांढरं, भोवतीचं सगळंच पांढरं, तेव्हा बर्नने काही पानांवर चित्रच काढलं नाही. नुसत्या कोऱ्या चौकटी. त्यांत संवादांचे फुगे आणि धडामधूम असे आवाज. आळशीपणा म्हणून त्याची थट्टा झाली असेल, होऊ दे. माझ्या मते कॅनडा कागदावर खरा उतरला तो तिथेच. नेल्वानाच्या उघड्या पायांना जी थंडी कधी लागली नाही ती त्या कोऱ्या कागदाला लागली.

तशी आपली एक चित्रकथा असावी, असं मी एकदा पानठेल्यावर बोलून गेलो. वर्ध्याचा वीर, मे महिन्यातली दुपार, पानभर कोऱ्या चौकटी आणि त्यांत एकच फुगा: ‘लय तापून राह्यलं ना बे!’ कल्पना मंडळींना पसंत पडली, चित्रकाराचा खर्च वाचतो म्हणून जास्तच. पण वीर कोणत्या तालुक्याचा, यावर घोडं अडलं. देवळीकर म्हणाले, आमचा. हिंगणघाटच्या एकाने बाबा आमट्यांचा दाखला काढून, आमच्याकडचं कोणी बाहेर गेलं की परत येत नाही, तेव्हा या वेळी पोरगा आमच्याकडेच राहील असं आधी लेखी द्या, म्हणून लावून धरलं. सेलूच्या गुरुजींनी भीमाचा वारसाहक्क सांगितला. वीराला शक्ती कोणती द्यायची, यावर पाऊस पाडण्याची असा सूर निघाला. पण कापूस वेचणीच्या वेळी पाडला तर कोण जबाबदार, असं एकाने विचारल्यावर सगळे गप्प झाले. शेवटी आर्वीचे एक काका, इतका वेळ सुपारी कातरत बसलेले, अडकित्ता मिटून म्हणाले, “भाऊ, उडाचं-बिडाचं राहू द्या. तो एवढाच मोठा असंन तं त्याले म्हणा, पुलगाव-आर्वीची बंद पडलेली रेल्वे पह्यले चालू करून दाखव. मंग आमी मानतो त्याले.”

अद्याप वीराची निवड झालेली नाही. रेल्वेचीही नाही.